मानेचं दुखणं आणि हलकी सायकल: आधी वजन बघू की हँडल?

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी. सायकल बदलायची आहे, जाणकारांचा सल्ला हवा.

उंची १६० सेंमी, वजन ६२ किलो, वय ५१. मानेचा स्पाँडिलोसिस (मणक्यांची झीज) आहे, सी५-सी६ (मानेचा पाचवा आणि सहावा मणका) मधली गॅप कमी झाल्याचं एमआरआयमध्ये दिसतंय. हाताला मुंग्या वगैरे नाहीत. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलेली नाही, फक्त 'फार वाकून चालवू नका, जड उचलू नका' एवढंच म्हणाले.

सध्याची सायकल: २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) टाइप, लोखंडी फ्रेम (१८ इंच), पुढे सस्पेन्शन, कॅरियर, स्टँड. वजन १७.५ किलो. सायकल हातात धरून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, असं मोजलंय.

वापर: आठवड्यातून चार दिवस पुण्यात कोथरूड ते बावधन, चांदणी चौकाचा चढ, येऊनजाऊन १४ किमी. वीसेक मिनिटांत मान आणि उजवा खांदा भरून येतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खाली ठेवली तर चोरीची भीती, म्हणून रोज वर न्यावी लागते.

बजेट ४५ हजार. दुकानात एक वाकड्या हँडलची रेसर दाखवली, साडेदहा किलोची. एका हाताने उचलली जाते. ती घ्यावी का?

---

चक्रधर

ती घेऊ नका ताई. सायकल वाईट आहे म्हणून नव्हे, तुमच्या मानेला जे हवंय त्याच्या नेमकं उलट तिच्यात आहे म्हणून.

चालवताना मान दुखते त्यात सायकलच्या वजनाचा हात फार थोडा. हँडल कुठे आहे यावर सगळं अवलंबून. धड पुढे झुकलं की समोरचा रस्ता दिसायला डोकं मागे मोडावं लागतं. साडेचार-पाच किलोचं डोकं, वर हेल्मेट, आणि ते अर्धा तास त्याच कोनात धरून ठेवायचं काम मानेमागच्या आणि खांद्याच्या स्नायूंचं. सी५-सी६ला त्रास असताना हा कोन जितका कमी तितकं बरं.

आणि बाजारात गोम अशी आहे की सायकल जितकी हलकी आणि महाग, तितकं तिचं हँडल खाली आणि लांब. हलक्या सायकली शर्यतीच्या वंशातल्या, वारा कापायला बनवलेल्या. त्यामुळे 'हलकी द्या' म्हटलं की दुकानदार आपसूक तुम्हाला वाकवणारी सायकल पुढे करतो. त्याला दोष नाही, प्रश्नच तसा विचारला गेला.

म्हणून आधी दोन आकडे बघायचे, स्टॅक आणि रीच. कंपनीच्या साइटवर भूमितीच्या तक्त्यात मापागणिक दिलेले असतात. पायडलच्या अक्षापासून (पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तिथून) हँडलखालच्या नळीच्या (हेडट्यूबच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅकला रीचने भागा. वाकड्या हँडलच्या सायकलींत १.४ च्या आसपास आलं तर शर्यतीची, १.५ च्या वर गेलं तर आरामाकडे झुकणारी. तुमच्या मापाच्या रेसरचा स्टॅक ५१५ आणि रीच ३७५ असेल तर गुणोत्तर १.३७ येतं, म्हणजे बघायलाच नको.

एक सावधगिरी: सरळ हँडलच्या सायकलचा रीच वाकड्या हँडलच्या सायकलशी ताडून बघू नका. वाकड्या हँडलवर पंजे ठेवायची जागा हँडलच्या आडव्या दांडीच्या ७–८ सेंमी पुढे असते, म्हणून त्या फ्रेमचा रीच कागदावर कमी दिसतो. सरळवाल्यांची तुलना सरळवाल्यांशीच.

आता गिअर. रेसरला पुढे ५०/३४ दातांची चक्रं आणि मागे ११–२८ दातांची असली, असं धरू. सगळ्यात हलका गिअर ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. हायब्रिडला (रेसर आणि एमटीबीच्या मधल्या, सरळ हँडलच्या प्रकाराला) पुढे २८ आणि मागे ३४ मिळालं तर ०.८२. चांदणी चौकाच्या चढावर रेसरचा हलक्यात हलका गिअरसुद्धा जवळजवळ दीडपट जड पडणार. गिअर जड झाला की माणूस हँडल ओढायला लागतो, खांदे कानाला टेकतात आणि वर पोचेपर्यंत मान आखडते. वजनात कमावलेलं सगळं तिथे गेलं.

तुमच्यासाठी: सरळ हँडल, पुढे सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ॲल्युमिनियम फ्रेम, ७००×३५ किंवा ३८ टायर (दुसरा आकडा रुंदीचा, मिमीमध्ये), माप एस. ट्रेक एफएक्स, जायंट एस्केप या घराण्यातली. या प्रकारात साडेअकरा ते साडेबारा किलोपर्यंत येते. मॉडेल दरवर्षी बदलतात, म्हणून नावापेक्षा तक्ता बघा.

---

आरेवाला

चक्रधरांशी बव्हंशी सहमत, पण वजन अगदीच झटकून टाकू नका. ते कुठे उपयोगी आणि कुठे नाही, याचा हिशोब मांडतो.

सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोने जवळजवळ काही फरक पडत नाही. चढावर पडतो, पण किती? आत्ता तुम्ही अधिक सायकल ७९.५ किलो. ११.५ ची घेतलीत तर ७३.५. साडेसात टक्के कमी. दहा मिनिटांचा चढ तेवढ्याच जोराने सव्वानऊ मिनिटांत. बस, पाऊण मिनिट.

खरा फरक जिन्यावर. मानेचं दुखणं असलेल्या माणसाने साडेसतरा किलो एका बाजूला लटकवून तीन मजले चढायचे, हेच मुळात उलटं आहे. उजवा खांदा भरून येतो म्हणताय, तर सायकल कोणत्या हाताने उचलता ते आठवून बघा.

नवी कितीही हलकी असली तरी उचलायची पद्धत बदला. वरची नळी खांद्यावर घेऊन मानेला टेकवायची, हे नको. सायकल डाव्या-उजव्या बाजूला आलटूनपालटून, तुमच्या अंगाला चिकटून, चेनची बाजू जमेल तेव्हा बाहेर. हात सीटखालच्या उभ्या नळीवर शक्य तितका खाली, म्हणजे भार कोपर सरळ ठेवून लटकतो आणि खांदा वर चढत नाही. दर मजल्याला खाली ठेवा, बाजू बदला. घरात भिंतीवर डोक्याच्या वर टांगायचे हूक लावू नका. मागच्या चाकावर उभी करून पुढचं चाक भिंतीवर अडकवता येतं, त्यात पूर्ण वजन उचलावं लागत नाही.

याहून सोपा उपाय म्हणजे सोसायटीत विचारून तळमजल्यावर जमिनीत किंवा खांबाला लोखंडी कडी बसवून घ्या आणि जाड यू-लॉक तिथेच कायम ठेवा. सव्वा किलोचं कुलूप रोज वाहायचंही वाचतं.

वजन नेमकं कशात दडलंय ते बघा, म्हणजे दुकानात फसगत होत नाही. स्प्रिंगचा स्वस्त सस्पेन्शन फोर्क अडीच किलोच्या आसपास, साधा ॲल्युमिनियमचा एक किलोच्या आतबाहेर. दीड किलो इथेच गेलं. कॅरियर ६००–८०० ग्रॅम, स्टँड ३००–४००, दोन्ही मडगार्ड मिळून ४००–५००. तारेच्या कडेचा गुठळ्यांचा टायर ७००–८००, घडी होणारा सपाट नक्षीचा त्याच्या निम्म्यापर्यंत. भरलेली बाटली पाऊण किलो. दुकानात सांगितलेलं वजन बहुतेक वेळा बिनस्टँड, बिनकॅरियर आणि कधी कधी बिनपायडलचं असतं. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेऊन जा आणि सीटखाली अडकवून उचला, कोणी काही म्हणत नाही.

---

घाटवेडा

सस्पेन्शन काढायचं? पुण्यातले स्पीडब्रेकर बघता? मानेला गचके बसणार नाहीत का?

---

आरेवाला

@घाटवेडा, रास्त शंका आहे. पण या किमतीतल्या फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं तेल नसतं. बहुतेक वेळा ती ६२ किलोच्या माणसासाठी कडकच असते, त्यामुळे डांबराची बारीक खरखर तशीच हातात येते. मोठ्या गचक्याला दबते आणि तितक्याच जोरात उसळते. पावसाळे झेलून नळ्यांना गंज धरला की तेवढंही बंद, नुसतं ओझं उरतं.

बारीक गचके खातं ते टायर. ७००×३५, वजन ६२ किलो: पुढे ४५, मागे ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथून सुरुवात करा. टायर ३८ असेल तर आणखी पाच कमी. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने 'टाइट' हवा मारली की ७०–८० जाते आणि मग प्रत्येक खड्डा थेट मानेत. गेज असलेला पंप घरी ठेवा. फार कमीही नको, ३५ च्या खाली गेलात तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चेंगरते आणि सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात.

आणि कोपरं. कोपर ताठ कुलूपबंद असेल तर हात म्हणजे दोन काठ्या, गचका थेट खांद्यात. पंधरा-वीस अंश वाकलेलं ठेवा. स्पीडब्रेकरला पायडल आडवी करून सीटवरून दोन बोटं उठा.

---

मणकेवाली

फिजिओथेरपीच्या बाजूने थोडं. वर भूमितीबद्दल म्हटलंय ते बरोबर आहे, पण हँडल उंच केलं तरी मान मोडायला लावणाऱ्या चार फुटकळ गोष्टी उरतातच.

हेल्मेटची चोच. पुढे वाकल्यावर ती नजरेच्या वरच्या टप्प्यात येते आणि ती टाळायला हनुवटी वर जाते. बहुतेक चोची ओढून काढता येतात, काढून टाका. हेल्मेटची कड भुवयांच्या दोन बोटं वर.

चष्मा. पन्नाशीत प्रोग्रेसिव्ह असण्याची शक्यता मोठी. पुढे झुकल्यावर आपण काचेच्या अगदी वरच्या भागातून बघतो. फ्रेम छोटी असेल किंवा घामाने नाकावरून घसरत असेल तर वरची कड आड येते आणि डोकं आणखी मागे जातं. सायकलसाठी उंच काचेचा, फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

आरसा. आपल्याकडे मागची वाहनं उजवीकडून येतात, तेव्हा उजव्या टोकाला गोल आरसा बसवा. दर वेळी मान वळवून बघणं वाचतं. पूर्ण वळावंच लागलं तर नुसती मान नाही, छातीसकट वळा. सॅक पाठीवर नको. तिचे पट्टे दाबतात तोच स्नायू आधीच दमलेला असतो. कॅरियरच्या बाजूला लटकवायची पिशवी घ्या, वजन वाढलं तरी चालेल.

बोटांच्या मुंग्यांबद्दलही सांगते, कारण इथे घोळ होतो. करंगळी आणि अनामिका चालवतानाच बधिर होत असतील आणि हात झटकल्यावर काही मिनिटांत जात असतील, तर बहुधा तळहाताच्या कडेवर पकडीचा दाब पडतोय. रुंद पंखाची ग्रिप लावा. मान मागे किंवा बाजूला केल्यावर दंडापासून बोटांपर्यंत कळ जात असेल, वस्तू हातातून सुटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा बिघडला असेल तर सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टर. ही शेवटची लक्षणं दिसली की वाट बघत बसायचं नसतं.

कॉलर लावून सायकल चालवू नका. मान वळत नाही आणि पायाखालचा रस्ता दिसत नाही.

एक व्यायाम सिग्नललासुद्धा होतो: हनुवटी खाली न पाडता सरळ मागे ओढायची, जणू कोणी नाकाला बोट लावायला आलंय, पाच सेकंद धरायची, असं दहा वेळा. कळ आली तर थांबा.

---

मंजिरी_कोथरूड

खूप आभार सगळ्यांचे. चोच होती, काढली. सॅकही पाठीवरच असते. उचलते उजव्याच हाताने.

एक शंका: नवी घेण्याऐवजी आहे त्याच सायकलला साधा फोर्क आणि बारीक टायर टाकले तर? शिवाय मोजमाप केलं: टांगेचं माप (भिंतीला पाठ लावून, पुस्तक वर दाबून) ७३ सेंमी. पायडलच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत ५८. सीटच्या टोकापासून हँडलच्या दांडीपर्यंत ५४. जमिनीपासून सीट ८५, हँडल ९५. हँडल तर सीटपेक्षा दहा सेंमी उंच आहे, तरी मान का दुखते?

---

चक्रधर

याच मोजमापात उत्तर आहे.

पहिलं, सीट फार खाली आहे. टांगेचं माप गुणिले ०.८८३ हा जुना ठोकताळा: ७३ × ०.८८३ = ६४.५. तुमची ५८, म्हणजे साडेसहा सेंमी कमी. ते हँडल उंच दिसतंय ते सीट बुडवल्यामुळे. सीट जागेवर आली की फरक चार सेंमीच्या आसपास उरेल, आणि तेवढा पुरेसाही आहे.

दुसरं आणि मुख्य, हँडल लांब आहे. कोपर सीटच्या टोकाला लावा आणि हात दांडीकडे पसरा. बोटांची टोकं दांडीपासून दोन-तीन बोटं लांब राहिली तर ठीक. १६० सेंमी उंचीला कोपर ते बोटाचं टोक ४२–४३ भरतं, तुमचं अंतर ५४. तब्बल अकरा-बारा सेंमीची फट. म्हणून हात ताठ, खांदे पुढे, पाठीला पोक, आणि पोक काढल्यावर मान दुप्पट मोडते. १८ इंची फ्रेम तुमच्या उंचीला मोठीच. दुकानात शिल्लक असते ती देतात आणि सीट खाली ठोकून 'बसतेय की' म्हणतात.

आता गंमत बघा. सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे सीट साडेसहा सेंमी वर घेतलीत की ती जवळजवळ दोन सेंमी मागेही जाते. अंतर ५६ होणार! म्हणजे नुसती सीट नीट केली तर गुडघे सुखी आणि मान आणखी नाराज. सीट पुढे सरकवून ही भरपाई करू नका, सगळा भार तळहातांवर येतो. टोक खाली झुकवूनही नको, घसरत पुढे येता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसता. सीट पातळीत.

फोर्कबद्दल: साधा २६ इंची फोर्क टाकायचा विचार असेल तर फार जपून. सस्पेन्शन फोर्कची चाकाच्या अक्षापासून मुकुटापर्यंतची (वरच्या सांध्यापर्यंतची) लांबी ४५०–४७० मिमी असते, जुन्या धाटणीच्या साध्याची ४०० च्या आसपास. तो टाकलात तर पुढचा भाग पाच सेंमी बसतो, हँडल खाली जातं, स्टिअरिंग बावचळतं. सस्पेन्शनच्या लांबीचा साधा फोर्क मिळतो, ४४० च्या पुढचा, पण तो शोधा, बारीक टायर घ्या, मजुरी द्या, आणि हाती काय? पंधरा किलोची, तरीही मोठ्या मापाची लोखंडी सायकल. माझ्या मते पैसे वाया.

पण ती विकू नका इतक्यात. तिचा उपयोग मोजपट्टीसारखा करा. हजाराच्या आसपास कोन बदलता येणारी स्टेम (हँडलची दांडी फोर्कच्या नळीला जोडणारा तुकडा) मिळते. साठ मिमीच्या जवळपासची घ्या. आत्ताची शंभरची असेल तर चार सेंमी अंतर तिथेच कमी होतं. ती ३५०–४०० ग्रॅमची, करकरते, बोल्ट सैल होतात, कायमची ठेवायची नाही. दोन-तीन आठवडे कोन बदलत राहा. सीट दर आठवड्याला एक सेंमीच वर घ्या, सगळी एकदम नको. मानेचा निकाल चालवताना लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, म्हणून एका वेळी एकच बदल आणि वहीत नोंद.

मान बरी राहील ती जागा सापडली की ओळंबा लावून दोन मापं घ्या: पायडलच्या अक्षापासून दांडीच्या मध्यापर्यंत उभं किती आणि आडवं किती. हे दोन आकडे घेऊन दुकानात जा. ज्या सायकलवर दांडी तिथे येते त्यांतली सगळ्यात हलकी उचला.

---

आरेवाला

यात माझी भर. तुमच्या आकड्यांवर दांडी आणायला नव्या सायकलवर दोन साधनं असतात. स्टेमखालच्या कड्या: एक सेंमीची कडी खालून वर घातली की हँडल जवळपास तेवढंच वर येतं आणि तीन मिमी जवळही येतं. आणि स्टेम उलटी करणं: ९० मिमीची, सात अंशांची स्टेम खालच्या तोंडाची वर केली की २१ मिमी उंची मिळते, ७ मिमी जवळ येते, तेही फुकटात. दुकानात बजावून सांगा की फोर्कची नळी कापायची नाही. एकदा कापली की वर जायचा रस्ता बंद. फोर्कची नळी कार्बनची असेल तर कड्या फार तर ३ सेंमी, आणि उंची वाढवायचा जोडतुकडा त्यावर अजिबात नको.

केबल हेडट्यूबच्या आतून जाणाऱ्या नव्या हलक्या सायकली टाळा. दिसतात छान, पण स्टेम बदलायची म्हणजे ब्रेक उघडण्यापर्यंत काम जातं.

जुन्या सायकलवर स्टेम बदलताना: माथ्यावर एक ॲलन बोल्ट आणि बाजूला दोन असतील तर ती बिनआट्यांची, स्टेम सरळ निघते. माथ्याचा एकच लांब बोल्ट नळीत आत जात असेल तर जुनी पाचरवाली. ती वर ओढताना नळीवर कोरलेली किमान खोलीची रेघ दिसू लागली की थांबायचं, त्यापुढे ती मोडून हातात येऊ शकते. दांडीची जाडी कॅलिपरने मोजा, २५.४ की ३१.८ मिमी, चुकीची आणली तर पत्रा लावून बसवायचा मोह टाळा.

बिनआट्यांची बसवताना क्रम महत्त्वाचा. सगळ्या कड्या आणि स्टेम घातल्यावर फोर्कची नळी वरच्या कडेच्या २–३ मिमी आत राहिली पाहिजे, नाहीतर टोपी स्टेमऐवजी नळीवर टेकते. आधी माथ्याचा बोल्ट, फक्त खडखड जाईपर्यंत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवून बघा. मग चाक-हँडल एका रेषेत आणून बाजूचे दोन बोल्ट आलटूनपालटून ५ न्यूटन-मीटरपर्यंत. उलटं केलंत, म्हणजे बाजूचे आवळल्यावर माथ्याचा पिळत बसलात, तर आट्या जातात आणि खडखड तशीच राहते.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेक किंवा गिअरची केबल ताणली जात असेल, वळवताना ब्रेक आपोआप धरत असेल, तर बाहेरचं आवरण लांब घ्यायला लागेल. तीन-चार सेंमीपेक्षा जास्त वर गेलात तर बहुधा लागतंच. हे न बघता चांदणी चौकाच्या उतारावर जाऊ नका.